ताण कुठून येतो

गोव्यात चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात. लाकडी पट्ट्यांची चौकट वाशांना टांगायची आणि तिला नारळाची पेंड म्हणजे अख्खा घड, सुपारीचे घोस, तोरिंगण, चिबूड, फागलां, कांगलां, रानातून शोधून आणलेली नाना तऱ्हेची फळं-पानं बांधायची. जुन्या घरांत त्यासाठी अजूनही केवणीच्या सालीचा दोर वापरतात. माटोळीखाली उभं राहिलं की डोक्यावर केवढा तरी भार दिसतो आणि त्याला खालून टेकू एकही नसतो. मला फळांपेक्षा ते दोर पाहायला जास्त आवडतात. सगळे ताठ असतात, आणि त्याचं कारण साधं आहे. पृथ्वी फळांना खाली ओढते. ती ओढ दोरातून वाशात, वाशातून भिंतीत आणि भिंतीतून पुन्हा जमिनीत जाते. पृथ्वीने ओढणं थांबवलं, तर माटोळीतला एकेक दोर त्याच क्षणी सैल पडेल.

काही रचना मात्र अशा आहेत, की त्यांचे दोर तेव्हाही ताठच राहतील. त्यांना टेन्सेग्रिटी म्हणतात. मी फोंडा महालात उच्च माध्यमिकच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. बलांचा समतोल हा धडा दर वर्षी येतो आणि तो शिकवता शिकवता मी या रचनांच्या नादी लागलो. आता कुठलीही उभी वस्तू दिसली की पहिला प्रश्न मनात येतो: हिच्यातला ताण कुठून येतो?

वॉशिंग्टनच्या हिर्शहॉर्न संग्रहालयात केनेथ स्नेल्सन या शिल्पकाराचा 'नीडल टॉवर' आहे. १९६८ सालचं काम. उंची साठ फूट, म्हणजे साधारण १८ मीटर. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि पोलादी केबल, बस्स. वर जाताना नळ्या लहान लहान होत जातात आणि शेवटी सुईसारखं टोक उरतं. मी तो छायाचित्रांतच पाहिला आहे, पण छायाचित्रातही नजर पहिल्यांदा जाते ती एका गोष्टीवर: कुठलीच नळी दुसऱ्या नळीला टेकलेली नाही. प्रत्येक नळी हवेत सुटी आहे, तिच्या दोन टोकांना केबल ओढून आहेत, आणि त्या केबलच्या पलीकडे दुसरी सुटी नळी. मनोऱ्याच्या पोटात उभं राहून सरळ वर पाहिलं की सहा टोकांची चांदणी दिसते. स्नेल्सनने ती वेगळी घडवलेली नाही. तीन-तीन नळ्यांचे मजले एकावर एक येतात, त्यांचा पीळ एकदा डावा, एकदा उजवा असतो, आणि त्या आलटून पालटून येणाऱ्या पिळांतून चांदणी आपोआप उमटते.

हे नीट कळायला हाताने करून पाहावं लागतं, असं माझं ठाम मत आहे. फळ्यावरची आकृती इथे फारशी उपयोगाची नाही. सारख्या लांबीच्या तीन बांबूच्या काड्या घ्याव्यात. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना करवतीने बारीक खाच पाडावी. दोरी म्हणून तंगूस, म्हणजे मासे धरायची नायलॉनची बारीक दोरी, चालते. काड्यांची वरची तीन टोकं जोडणारा दोरीचा त्रिकोण, खालची तीन टोकं जोडणारा दुसरा त्रिकोण, आणि वरच्या-खालच्या टोकांना जोडणाऱ्या तीन दोऱ्या. तीन काड्या, नऊ दोऱ्या. आठ दोऱ्या बांधून होईपर्यंत हातात नुसता गुंता असतो. काड्या एकमेकींवर पडतात, दोऱ्या लोंबतात, मुलं वैतागतात. मग नववी दोरी ओढायची. ती ओढता ओढता काड्या एकमेकींपासून दूर होतात, वरचा त्रिकोण खालच्याच्या तुलनेत वळायला लागतो, आणि एका ठिकाणी ते सगळं अचानक उभं राहतं. टणक. बोटाने दाबलं तर दबतं, सोडलं की परत येतं.

वरचा त्रिकोण ज्या ठिकाणी येऊन थांबतो ते आपण ठरवलेलं नसतं. तीन काड्यांच्या रचनेत दोन्ही त्रिकोण अगदी वरखाली येतात त्या स्थितीपासून हा पीळ बरोबर ३० अंशांनी हटलेला असतो. बांबू घ्या, पेन्सिली घ्या, लोखंडी पाइप घ्या, दोन्ही त्रिकोण समभुज असले की कोन तोच. याचं कारण मला फार देखणं वाटतं. काड्यांची लांबी ठरलेली आहे, त्रिकोणांचं माप ठरलेलं आहे. अशा वेळी वरचा त्रिकोण फिरवत गेलं तर बाजूच्या दोऱ्यांना लागणारी लांबी कमी कमी होत जाते, त्या एका कोनापाशी सर्वांत कमी होते, आणि पुढे फिरवलं तर पुन्हा वाढायला लागते. ताणलेली दोरी आखूड व्हायला बघते. तिथे पोचल्यावर तिला आणखी आखूड व्हायला वाव उरत नाही. म्हणून त्रिकोण कुठल्याही बाजूला वळवून सोडला तर परत तिथेच येतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण म्हणतो, तसा हा पीळ रचनेच्या हाडातच असतो.

वर्गात अशी एक रचना तयार झाल्यावर एका मुलीने ती उलटी ठेवून पाहिली. तशीच उभी राहिली. आडवी ठेवली, तरी तशीच. मग तिने ती उचलून समोरच्या बाकावरच्या मैत्रिणीकडे फेकली. हवेतून जाताना काड्या काड्यांना शिवल्या नाहीत, एकही दोरी लोंबली नाही. धड्यात मी जे तासभर सांगतो ते त्या एका फेकीत सगळ्यांना दिसलं. या वस्तूला उभं राहायला जमीन लागत नाही. तिचा ताण तिच्याच आत भरलेला आहे. दोऱ्या काड्यांना दाबतात, काड्या दोऱ्यांना ताणतात, आणि दोघींचा हिशेब घरातल्या घरात मिटतो.

स्नेल्सन विद्यार्थी असताना १९४८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात गेला. तिथे बकमिन्स्टर फुलर शिकवायला आले होते. भूमितीने आणि बांधकामाने झपाटलेला माणूस. त्यांची व्याख्यानं ऐकून स्नेल्सन घरी परतला आणि हिवाळ्यात त्याने छोटी छोटी शिल्पं केली. त्यांतल्या एकात लाकडाचा एक एक्स-आकार दुसऱ्या एक्सच्या वर दोऱ्यांवर तरंगत होता. पुढच्या उन्हाळ्यात त्याने ते फुलरना दाखवलं. आपण ज्याचा शोध घेतोय ते हेच, हे फुलरनी तिथल्या तिथे ओळखलं. टेन्सेग्रिटी हे नाव त्यांनीच दिलं आणि जगभर व्याख्यानांतून ते पसरवलं. पण विद्यार्थ्याचं नाव मागे पडलं. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात फुलर यांच्या कामाचं प्रदर्शन झालं, तेव्हा कुठे स्नेल्सनच्या वाट्याला जाहीर श्रेय आलं. पेटंट मात्र दोघांनीही घेतली: फुलर यांचं १९६२ चं, स्नेल्सनचं १९६५ चं. स्नेल्सनला ते नाव कधी मानवलं नाही, तो त्याला 'तरंगता दाब' म्हणत राहिला. १९२१ मध्ये मॉस्कोतल्या एका प्रदर्शनात कार्लिस योहानसन या लॅटव्हियन कलावंतानेही काड्या-दोऱ्यांच्या समतोल रचना मांडल्या होत्या. त्यांची आता छायाचित्रंच उरली आहेत.

फुलर यांची बाजू मी घेणार नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याचं काम आपल्या नावावर फिरू देणं मला, शिक्षक म्हणून, सहन होत नाही. पण त्यांनी या रचनेचं जे वर्णन केलं ते विसरता येत नाही: ताणाच्या समुद्रात दाबाची बेटं. मांडवीच्या पात्रात चोडण आणि दिवाडी पाहत वाढलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. बेटांना जोडणारा रस्ता नसतो, पाणी मात्र सगळ्यांभोवती सलग असतं. इथे सलग आहे तो ताण. दाब तुटक आहे, काडीकाडीपुरता.

आपल्याला घरं बांधायची सवय आहे ती नेमकी उलटी. जांभ्या दगडाच्या भिंतीत दाब सलग असतो. वरचा चिरा खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर, असं करत पायापर्यंत. देवळांपुढच्या दीपमाळा तशाच उभ्या आहेत, जुन्या गोव्यातली चर्चही तशीच. वजन जितकं जास्त तितकी भिंत घट्ट. तिथे ताणाला जागाच नाही, आणि जिथे ताण येतो तिथे चिरा फुटतो.

मग अटल सेतूचं काय? पणजीत मांडवीवरचा हा पूल २७ जानेवारी २०१९ ला खुला झाला. लांबी ५.१ किलोमीटर, आणि नदीवरच्या मधल्या भागात उंच मनोऱ्यांपासून निघालेल्या केबल. मुलं हमखास विचारतात, "सर, ही टेन्सेग्रिटीच ना?" पूल मला मनापासून आवडतो, संध्याकाळी पर्वरीहून येताना त्या केबलची रांग बघत राहावी अशी आहे. तरी उत्तर नाही असंच द्यावं लागतं. त्या केबल ताठ आहेत त्या रस्त्याच्या वजनाने. वजन केबलवर, केबलमधून मनोऱ्यावर, मनोऱ्यातून नदीच्या तळाखालच्या पायात. ताण पृथ्वीचाच. या बाबतीत पूल माटोळीच्या गोत्राचा आहे.

आणि तबला? माझ्या मते तो पुलापेक्षा टेन्सेग्रिटीच्या पुष्कळ जवळ आहे. लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांच्या गोव्यात तबला घराघरांत पोचला, पण त्याच्याकडे रचना म्हणून फार कोणी पाहत नाही. खोडाच्या तोंडावर चामड्याची पुडी, पुडीच्या कडेला चामड्याचाच विणलेला गजरा. गजऱ्याच्या घरांतून चामड्याची वादी निघते, तळाच्या कड्यातून वळते, पुन्हा वर जाते, पुन्हा खाली, अशी सगळ्या अंगाभोवती फिरते. ही वादी सलग ताणात असते. तिने आवळलेलं लाकडी खोड दाबात असतं. खोड वर निमुळतं, खाली रुंद. म्हणून वादीखालचे लाकडी गठ्ठे हातोडीने खाली ठोकले की वादीला जास्त लांबचा वळसा घ्यावा लागतो, ती ताणते, स्वर चढतो. गठ्ठे वर सरकवले की उतरतो. बारीक फरक असेल तर गजऱ्यावरच ठोकून भागतं. तबला उशीवर ठेवा, मांडीवर घ्या, उलटा करा, त्याचा स्वर बदलत नाही, कारण त्याचा ताण जमिनीकडून आलेला नाही. तो तबला बनवणाऱ्याने ओढून आत घातला आहे. काटेकोर बोलायचं तर इथे दाब सोसणारं अंग एकच आहे, सुट्या काड्यांचं जाळं नाही. पण ताण कुठून येतो हा माझा प्रश्न विचारला, तर तबला स्नेल्सनच्या मनोऱ्याशेजारी बसतो.

गोव्याचं घुमटही त्याच रांगेत. मातीचं मडकं, त्याच्या मोठ्या तोंडावर चामडं. पूर्वी घोरपडीचं असायचं. वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याचं वापरतात. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली, त्यामागे चामड्याचा हा बदलही होता. भाजलेली माती दाब पुष्कळ सोसते, ताण फारसा सोसत नाही. ओलं चामडं तोंडावर बांधतात, ते वाळताना आवळतं आणि मडक्याच्या काठाला चहूबाजूंनी आत दाबतं. मातीला जे पेलतं तेवढंच तिच्याकडून करून घेतलेलं आहे. ज्या कुंभाराने हे पहिल्यांदा जुळवलं त्याला कुठलं सूत्र माहीत असण्याची गरज नव्हती.

अलीकडे साखळ्यांवर तरंगणारी टेबलं सगळीकडे दिसतात, मुलं ती लेगोच्या ठोकळ्यांतूनही करतात. ती समजायला सोपी आहेत. वरच्या भागाचा एक हात खाली येतो, खालच्या भागाचा एक हात वर जातो, आणि वरचा हात खालच्या हाताला मधल्या आखूड साखळीने टांगलेला असतो. सगळं वजन त्या एका साखळीवर. कडेच्या साखळ्या वरचा भाग कलंडू नये म्हणून. टेबलावर पुस्तकं ठेवली की मधल्या साखळीतला ताण वाढतो आणि कडेच्यांतला कमी होतो. हे खरं वाटत नसेल तर बोटाने छेडून बघावं.

सायकलच्या चाकातही असंच आहे. तारा इतक्या बारीक असतात की दाब आला तर वाकतीलच. पण आउट काढताना कारागीर त्या आधीच आवळून ठेवतो, आणि मग आपण बसल्यावर खालच्या तारांवर दाब येत नाही, त्यांच्यातला भरलेला ताण तेवढा कमी होतो. आधी भरून ठेवलेल्या ताणाचा हा उपयोग अभियंत्यांना फार आधीपासून ठाऊक आहे.

गणिताने मात्र यात एक पेच दाखवला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ मध्ये नियम मांडला: जितके सांधे असतील त्यांच्या तिपटीतून सहा वजा करा, ताठ सांगाड्याला साधारण तेवढे दांडे लागतात. आपल्या तीन काड्यांच्या रचनेत सांधे सहा. अठरातून सहा गेले, बारा उरले. तीन काड्या आणि नऊ दोऱ्या मिळून बाराच. हिशेब तंतोतंत जुळतो. तरीही त्या रचनेत एक अगदी सूक्ष्म सैलपणा उरतो, तोच तो वळण्याचा. आणि त्याच वेळी तिच्यात बाहेरून काहीही भार न देता ताण साठवता येतो. एक गोष्ट कमी, एक जास्त. साठवलेला ताण त्या सैलपणाला आवर घालतो. केंब्रिजच्या ख्रिस्तोफर कॅलेडाइन यांनी १९७८ मध्ये फुलर यांच्या रचना आणि मॅक्सवेलचा नियम शेजारी ठेवून हे उलगडलं. दोरी जितकी जास्त ओढाल तितकी रचना ताठ होते, तंबोऱ्याच्या तारेप्रमाणे. बारावीच्या मुलांना हे कळतं, फक्त हातात तंगूस हवी.

मोठ्या बांधकामांत हे तत्त्व शुद्ध रूपात क्वचित येतं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला २००९ मध्ये कुरिल्पा हा ४७० मीटर लांबीचा पादचारी पूल झाला. तोही संमिश्र आहे, काही भाग टेन्सेग्रिटीचा, काही नेहमीच्या पद्धतीचा. नासाच्या एम्स केंद्रात सहा दांड्या आणि चोवीस केबलचा सुपरबॉल नावाचा यंत्रमानव झाला. केबल आखूड-लांब करत तो गडगडत चालतो आणि उंचावरून पडला तरी धक्का सगळ्या अंगात वाटून घेतो, म्हणून दूरच्या ग्रहोपग्रहांवर उतरवायला तो कामी येईल अशी त्यामागची कल्पना.

शरीराबद्दल यापेक्षा जास्त बोललं जातं. डोनाल्ड इंगबर यांनी विद्यार्थी असताना शिल्पकलेच्या वर्गात काड्या-दोऱ्यांची रचना पाहिली आणि त्यांना पेशी आठवली. पेशीतले सूक्ष्मनलिकांचे दांडे दाबात, ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू ताणात. काचेला चिकटलेली पेशी चपटी होते, सुटी झाली की गोल, आणि कापडाला टाचलेली काड्या-दोऱ्यांची प्रतिकृतीही तसंच वागते. सगळ्या जीवशास्त्रज्ञांना हे पूर्ण पटलेलं नाही. मला मात्र खांद्याचं उदाहरण जास्त पटतं. खांद्याचा फरा बरगड्यांवर हाडाने जोडलेला नाही. धडाशी त्याचं हाडाचं नातं एकट्या गळपट्टीच्या हाडामार्फत आहे, बाकी सगळा तो स्नायूंनी तोलून धरलेला. माडावर चढलेला पाडेली एका हाताने खोड धरून दुसऱ्या हाताने पेंड तोडतो, तेव्हा धरलेल्या हातावरचा भार ज्या फऱ्यावरून जातो तो स्नायूंच्या जाळ्यात तरंगत असतो.

गोव्यात बांधलेल्या एका जहाजाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून बांधलेलं 'कौंडिन्य' २१ मे २०२५ ला कारवारला नौदलात दाखल झालं. केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या खिळ्यांशिवाय, काथ्याच्या दोरीने शिवल्या. फळीला फळी भिडलेली दाबात, टाके ताणात, आणि तो ताण वजनाने आलेला नाही. माणसाने टाका टाका आवळून घातलेला आहे. लाटेखाली असं अंग थोडं लवतं आणि परत येतं. ताठ खिळ्याला ते जमत नाही.

अशा रचनांची खरी अडचणही इथेच आहे. आत भरलेला ताण कायम राहत नाही. दोरी हळूहळू लांबते, गाठ बसते, लाकूड आकसतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आषाढात तबल्याची पुडी उतरते, चवथीच्या आरतीआधी घुमट उन्हात किंवा विस्तवाजवळ धरून शेकावं लागतं. काथ्याचे टाके पूर्वीही ठरावीक काळाने नव्याने घालत असत. भिंत एकदा रचली की पिढ्यानपिढ्या तशीच राहते. ताणलेल्या वस्तूकडे कोणीतरी परत परत जावं लागतं, कान लावून ऐकावं लागतं, कुठली बाजू उतरली ते शोधून तेवढीच ओढावी लागते. तबलजी हे रोज करतो आणि त्याला ते ओझं वाटत नाही.

पणजीत असा एक मनोरा व्हावा, अशी माझी फार इच्छा आहे. कांपालच्या बाजूला, मांडवीचा वारा लागेल असा. आल्तिनोला कला महाविद्यालय आहे, फर्मागुढीला अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि दोन्हीकडच्या मुलांनी मिळून करावं असं याहून चांगलं काम मला सुचत नाही. आकृती काढणाऱ्याला हिशेब कळला पाहिजे आणि हिशेब करणाऱ्याला डोळा पाहिजे, एकट्याने भागणार नाही. दांड्या ॲल्युमिनियमच्या चालतील. केबल साध्या पोलादाच्या नकोत, खाऱ्या हवेत त्या काही वर्षांत गंजतील. मोलिब्डेनम असलेलं ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्यावं. दोन वेगळे धातू एकमेकांना जिथे भिडतील तिथे मध्ये नायलॉनची चकती हवी, नाहीतर तिथलं ॲल्युमिनियम आधी खाल्लं जाईल. प्रत्येक केबलला हाताने फिरवता येईल असा टर्नबकल, म्हणजे केबल आवळायचा-सैल करायचा आट्यांचा जोड, बसवावा, जमिनीवरून पोचता येईल तितक्या उंचीपर्यंत तरी. आणि पाऊस ओसरल्यावर, दर वर्षी, ताण तपासायला जी मुलं येतील त्यांच्याबरोबर एखाद्या तबला दुरुस्त करणाऱ्या मामांनाही बोलवावं. केबल छेडून कुठली उतरली आहे ते त्यांना उपकरणाच्या आधी कळेल.